रणांगणाची बातमी व वाचकांचे कर्तव्य

लढाईच्या बातम्या निःपक्षपाती असतात काय, असे विचारले असता कित्येक म्हणतात, वर्तमानपत्रे सारीच खोटी. कित्येक म्हणतात, दोन्ही पक्षांचे म्हणणे सारख्या ओळींत छापले म्हणजे न्याय झाला. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळसाची होत. एकाच तैग्रिस नदीच्या काठची दोन उदाहरणे पाहिली असता खरा दोष कोठे असतो हे ध्यानात येईल.

सन १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादनजीक टेसिफोन येथे इंग्रज सरकारच्या फौजेस माघार घ्यावी लागली. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन; तीत मराठा पलटणीही होत्या. जखमींची प्रकृती समाधानकारक असून औषधोपचाराची व्यवस्था उत्तम चालली, अशा आशयाची सरकारी तार रवाना झाली. परंतु मेजिदिया नामक आगबोट जखमींस घेऊन बसऱ्यास आली, तेव्हा तेथील इस्पितळ-जहाजावरील डॉक्टर मेजर कार्टर यांस निराळेच दृश्य दिसले. माणसे दाटीने पडलेली, जखमा सडलेल्या, अंगाखाली मलमूत्र. त्यांनी हे लिहून कळविताच वरिष्ठांनी त्यांस अटकेची धमकी दिली. सविस्तर हकीकत १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाने उजेडात आली, आणि हिंदुस्थानमंत्री चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला.

कोणी म्हणेल, युद्धात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. पलटण उद्या कोठे हलणार, हे छापू नये हे आम्हांसही मान्य आहे. पण जखमीस पट्टी मिळाली नाही, हे लपविल्याने शत्रूचे काय नुकसान होते? नुकसान होते ते आपल्याच शिपायाचे. लाभ होतो तो केवळ चुकलेल्या अधिकाऱ्याचा.

दुसरे उदाहरण सन २००३ चे. इराकपाशी सर्वसंहारक शस्त्रे आहेत, असे अमेरिकन सरकारने सांगितले व मोठमोठ्या पत्रांनी ते उचलून धरले. सैन्याबरोबर शेकडो बातमीदार गेले. त्यांनी जे पाहिले ते बहुधा खरेच लिहिले, परंतु ते एकाच बाजूच्या गाडीतून पाहिलेले होते. पलीकडून वार्ता देणाऱ्या अल् जझीराच्या बगदाद येथील कचेरीवर ८ एप्रिल रोजी अमेरिकन मारा होऊन तिचा बातमीदार ठार झाला. शस्त्रे सापडली नाहीत. २६ मे २००४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपली काही वृत्ते पुरेशी कसून तपासली नव्हती, अशी कबुली छापली; पण ती युद्ध पेटल्यावर वर्षाने!

यावरून उघड होते की, समतोल म्हणजे ओळींची मोजणी नव्हे. शत्रूच्या शब्दास जी कसोटी लावावयाची तीच आपल्या सरकारच्या शब्दासही लावणे, आणि परक्या मृतांचीही गणना आपल्यांप्रमाणेच करणे, हाच समतोल होय.

आमचे व्यापारी बंधू केवळ जमेची बाजू पाहून कोणाची वही खरी मानीत नाहीत. लढाईच्या वार्तेने बाजारभाव चढतात, उतरतात. तेव्हा तर ही सावधगिरी त्यांस अधिकच अगत्याची. बातमी कोणी दिली, तो कोठे उभा होता, कोणाच्या परवानगीने लिहीत होता आणि कोणास बोलूच दिले नाही, हे चार प्रश्न वाचकांनी नित्य विचारावे, व उत्तर न देणाऱ्या पत्रास जाबही विचारावा. असा वाचकवर्ग असेल तेथेच संपादकास सत्य छापण्याचे बळ येते.