शंभर मीटरच्या आतला वाडा

पुण्यात फडके हौदाच्या चौकातून शनिवारवाड्याकडे चालत निघायचे. मे महिन्यातला रविवार. अकरा वाजून गेले आहेत, डांबर तापले आहे. दोन्ही बाजूंना पाच-सहा मजली इमारती, खाली दुचाक्यांची दाटी, वर बाल्कन्यांत वाळत घातलेल्या चादरी. मग एका वळणानंतर उंच इमारती संपतात. जुनी घरे सुरू होतात. कुणाच्या सज्जाला लाकडी टेकू, कुणाच्या छपरावर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेल्या विटा. या ओळीत एकच वाडा ताठ उभा आहे. दरवाज्याला नुकतेच तेल पाजले आहे. शेजारी पाटी: ‘वाडा विकणे आहे. पाहण्याची वेळ ११ ते २.’

बाहेर रांग आहे. माडीवर एका वेळी आठच माणसे सोडतात, त्यामुळे बाकीचे भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून उभे. एक तरुण जोडपे, कडेवर झोपलेले मूल. पांढऱ्या शर्टातले दोघे दर्शनी बाजू पावलांनी मोजताहेत. एक आजीबाई नातवाचा हात धरून आल्या आहेत. त्यांना काही घ्यायचे नाही. त्या इथे भाड्याने राहत होत्या, लग्न होऊन आल्या त्या याच दारातून. “दोन खोल्या, महिना अठरा रुपये,” त्या नातवाला सांगतात. नातू म्हणतो, “आजी, काहीही!”

पण ते तसेच असते. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठवली. पुढे १९९९चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. अठरा रुपयांवरचे चार टक्के. तेवढ्यात मालक कौले कुठून बदलणार? भाडेकरूला घर सोडवत नाही, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि मध्ये घर झिजत राहते. पेठांतले कितीतरी वाडे असेच गेले.

रांग सरकते. दिंडीतून वाकून आत शिरावे लागते. चपला देवडीत. पायाखाली फरशी गार लागते आणि सगळे नकळत हळू बोलू लागतात. देवडीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक आडवी रेघ जपून ठेवली आहे. १२ जुलै १९६१, पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी पाणी इथवर चढले होते. नव्या गिलाव्यात गवंड्याने तेवढी पट्टी मोकळी सोडली आहे. आजीबाई रेघेला बोट लावतात, काही बोलत नाहीत.

पुढे चौक. वर आभाळाचा चौकोन, खाली तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी ओसरी. ऊन चौकाच्या एकाच कोपऱ्यात पडले आहे, बाकी सगळी सावली. इथली हवा हलते. बाहेर घामाने चिकटलेले शर्ट इथे सुटतात. पंखा एकही चालू नाही. खालच्या भिंती अडीच फूट जाडीच्या आहेत, दुपारचा ताप त्यांच्यातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

खांब बघत थांबतो. सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, वर महिरपी. पूर्वी यांच्यावर तेलरंगाचे थर होते, हिरव्यावर निळा, निळ्यावर पिवळा. ते खरवडायलाच एक हिवाळा गेला, असे ओसरीवर बसलेला सुतार सांगतो. तो आज मुद्दाम आला आहे, लोकांना काम दाखवायला. चौथ्या खांबापाशी तो मला नेतो. हा खांब या घरचा नाही. मूळचा वाळवीने आतून पोकळ केला होता. पेठेतला दुसरा एक वाडा पाडला, त्याचे लाकूड भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात आले, तिथून याने हा खांब उचलला. “पाव इंचाचा फरक होता, बाकी घाट तोच,” तो म्हणतो आणि बोटांच्या पेरांनी खांबावर टकटक करतो. भरीव आवाज येतो. बराच वेळ मी तिथेच उभा आहे.

मागच्या चौकात हौद. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ बांधून शहरात पाणी आणले, त्या काळच्या आठवणी या भागातल्या घराघरांत असतात. हा हौद आता कोरडा आहे. त्याच्या कडेला चुन्याच्या कामाचा नमुना मांडला आहे: विझवून मुरवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी, गूळ, हिरड्याचे पाणी. मधल्या काळात कुणीतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा चढवला होता. ओल आत कोंडली, विटा भुसभुशीत झाल्या, तुळयांची भिंतीत शिरलेली टोके कुजली. तो सगळा गिलावा उतरवून पुन्हा चुना केला. सिमेंट एका दिवसात आवळते, चुना आठवडेच्या आठवडे ओला ठेवावा लागतो. ही मजुरी कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

माडीचा जिना भिंतीत आहे, अरुंद, काळोखा. दोर धरून चढायचे. वर दिवाणखाना, सात खणांचा. कोनाड्यांना नुसता पांढरा हात दिला आहे, खुंट्या तशाच. खिडकीतून शनिवारवाड्याचा तट दिसतो. १७३२ मध्ये पूर्ण झालेला तो वाडा १८२८च्या आगीत जळाला, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. आणि त्या तटामुळेच हे घर वाचले आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. परवानगी घेऊन दुरुस्ती तेवढी करता येते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही बांधायला मंजुरी लागते. गल्लीच्या त्या वळणावर उंच इमारती का संपल्या, ते इथे खिडकीत उभे राहिल्यावर समजते. ताडपत्रीखाली दिवस काढणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हाच नियम गळफास झाला आहे. पाडून नवे बांधता येत नाही आणि दुरुस्तीला पैसा नाही.

पांढऱ्या शर्टातले दोघे एजंटाला गाठतात. प्रश्न एकच: हा नियम कधी सैल होईल? एजंट खांदे उडवतो. किंमत तो तोंडाने सांगत नाही, वहीत लिहून दाखवतो. वर मुद्रांक शुल्क सात टक्के, खरेदी बाईच्या नावावर असेल तर सहा, नोंदणीचे जास्तीत जास्त तीस हजार. दोघे आकडा पाहतात आणि त्याला जमिनीच्या चौरस फुटांनी भागतात. खांब, चुना, हौद त्या भागाकारात कुठेच येत नाहीत. मला ते सहन होत नाही.

कडेवर मूल घेतलेली तरुण बाई मात्र माजघरात घरच्या काकूंना विचारते, “काकू, पावसात गळतं का हो?” काकू कोकम सरबताचा पेला तिच्या हातात देतात. “कौलं दर वर्षी मे अखेर चाळावी लागतात. न चुकता. एक वर्ष चुकलं की पाणी तुळईत.”

दिवसभरात ऐकलेले सगळ्यात खरे बोलणे हेच. असे घर नियम सैल होण्याची वाट पाहत कुलूप लावून ठेवले, तर चार पावसाळ्यांत पुन्हा टेकूवर येते. इथे चूल पेटली पाहिजे, केर निघाला पाहिजे, मे अखेर कुणीतरी छपरावर चढले पाहिजे.

घ्यायचा विचार असेल त्यांनी मिळकत पत्रिका आणि परवानग्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात, पण तेवढ्यावर सही करू नये. जुलैत, मुसळधार पावसात एकदा यावे, बरोबर जुना सुतार आणावा, आणि एकेक खांब त्याला ठोकून बघू द्यावा. आणि स्वतः राहणार असाल तरच घ्या.