हृदयाची तालीम

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी वावरला. गवयाच्या घरी तालीम म्हणजे गुरूपुढे बसून घेतलेले गाणे. मल्लाच्या घरी तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. सयाजीराव महाराजांच्या काळात दोहोंना या शहरात मान होता. १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा राजरत्न प्रो. माणिकरावांनी मोठी केली. या दोन्ही गोष्टींचा अभिमान आपण समारंभांतून सांगतो. पण सकाळी उठून अंग हलवणारे आपल्यात किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न एक दिवस हृदय विचारते.

निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला साधारण सत्तर-बहात्तर ठोके देते, म्हणजे दिवसाला लाखाहून अधिक. त्याला सुट्टी नाही. विसावा मिळतो तो दोन ठोक्यांमधल्या अवकाशात, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचते ते बहुतांशी याच अवकाशात. लय चढली की हा अवकाश आखडतो. म्हणून बसल्या जागी हृदयाची लय संथ असणे चांगले, आणि ती तशी राहते नियमित श्रमाने. लय राखायला रियाझ लागतो, हे आम्हां गाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तरीही आमचीच मंडळी यात मागे. तासन् तास बैठक, रात्रीची मैफल, मध्यरात्रीनंतरचे जेवण, चहावर चहा आणि वर तंबाखूचे पान. शिकायला येणारे प्रौढ विद्यार्थी मला विचारतात, “सर, रोज तासभर गातो, तोच व्यायाम नाही का?” गाण्याने श्वास सुधारतो हे खरे, पण मांडी घालून केलेला रियाझ पायांच्या श्रमाची जागा घेत नाही.

श्वासाचा विषय मात्र या भूमीशी जवळचा आहे. १८८३ साली डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात बडोद्यात माणिकरावांकडे शिकले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासांकडे योग शिकून ते स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापले. आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे त्यांनी भाविकपणाने न सांगता यंत्राने मोजून पाहिले.

अशीच मोजणी इटलीत लुचियानो बेर्नार्दी या वैद्यकाने केली. मंत्र किंवा जपमाळ म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांनी २००१ साली दाखवले. २००६ च्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात निरनिराळ्या संगीतात आपला रागही होता. जलद लयीने नाडी व रक्तदाब चढले; आणि मध्येच दोन मिनिटे संगीत थांबवले तेव्हा ते सुरुवातीपेक्षाही खाली आले.

मिनिटाला सहा श्वास म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत त्रितालाचे एक आवर्तन बरोबर दहा सेकंदांचे होते. समेपासून खालीपर्यंत श्वास घ्या, खालीपासून समेपर्यंत सोडा. पाच मिनिटे पुरेत. श्वास कोंडू नका; चक्कर आली तर थांबा. औषधे चालू असतील तर ती यामुळे सोडायची नाहीत.

मग चालणे. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. १८७९ साली महाराजांनी लोकांसाठी केलेली कमाटीबाग त्यासाठीच आहे असे समजा. वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाता आले तर पाय उचला. बोलताही येईना तर सावकाश घ्या.

खाण्यात पहिला हिशेब मिठाचा. दिवसाकाठी सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. आपल्या घरी लोणचे-पापडातच त्यातला मोठा वाटा जातो, मग फरसाण येते. शेवउसळ बडोदेकराने सोडावी असे मी म्हणणार नाही. ती रोजची न्याहारी नसावी, आणि शेवेची दुसरी मूठ मागू नये. तंबाखूला मात्र अशी सवलत नाही. ती न ओढता नुसती चघळली तरी नाडी व रक्तदाब चढवतेच. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काही जाणवत नाही.

शेवटी एक सवय मोडायला हवी. माझे एक तबलजी स्नेही छातीतली कळ ‘गॅस’ समजून दोन तास ओवा आणि सोडा घेत बसले. वाचले, पण हृदयाचा जो भाग त्या वेळात निकामी झाला तो परत आला नाही, आणि आता अर्ध्या तासाच्या वर त्यांना बसवत नाही. छातीवर दाब, दरदरून घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अकारण धाप, यांपैकी काही झाले तर १०८ वर दूरध्वनी करा. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत कळ न येताही झटका येतो. गाडी स्वतः चालवत निघू नका आणि सकाळची वाट पाहू नका. हा क्रमांक आजच घरातल्या लहानथोरांना पाठ करून द्या.