ए-६०४ : पुढच्या चाकांच्या ऑटोमॅटिकचं आयुर्मान

शोरूममध्ये मायलेज सगळे विचारतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किती वर्षं टिकेल, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'त्याला काही करावं लागत नाही' असं उत्तर मिळतं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत या उत्तरावर विसंबणं महागात पडतं. ते किती महागात पडतं, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या एका गिअरबॉक्सचं चरित्र वाचावं. क्रायस्लर कंपनीच्या इंडियाना राज्यातल्या कोकोमो इथल्या कारखान्यात तो तयार व्हायचा. कारखान्यातलं त्याचं नाव ए-६०४, जाहिरातीतलं अल्ट्राड्राइव्ह.

पुढची चाकं आणि ऑटोमॅटिक यांचं मुळातच जमत नाही, असा एक समज आहे. तो खोटा आहे. १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो गाडीत सात लिटरचं आठ सिलिंडरचं धिप्पाड इंजिन होतं आणि त्याची सगळी ताकद पुढच्या चाकांना जायची. इंजिनाशेजारी बसवलेल्या टर्बो-हायड्रामॅटिक ४२५ गिअरबॉक्सपर्यंत ती एका रुंद साखळीतून पोचायची. हाच गिअरबॉक्स जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात आपल्या जीएमसी मोटरहोमला लावला. पाच टनांच्या घरात जाणारं, स्वयंपाकघर-बिछान्यांसकट धावणारं ते घर त्याने ओढलं. त्यातली बरीच घरं आजही हौशी मालकांकडे चालू आहेत.

त्या गिअरबॉक्सला जागा मिळाली होती, हे त्याचं भाग्य. तेलटंचाईनंतर गाड्या आखूड झाल्या आणि इंजिन आडवं बसू लागलं. मग गिअरबॉक्स आणि दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यात, इंजिनाला खेटून, कोंबावे लागले. बहुतेक गाड्यांत दोघांना तेलही एकच. खोकं लहान झालं, तेल मोजकं झालं, उष्णता मात्र तेवढीच राहिली. तरीही १९७८ पासून डॉज ओम्नी आणि प्लिमथ होरायझन या गाड्यांत आलेला क्रायस्लरचा तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट चांगला चिवट निघाला. त्यात कॉम्प्युटर नव्हता. तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि पट्टे एवढ्यावर सगळा कारभार चालायचा.

१९८९ मध्ये ए-६०४ आला, चार गिअर आणि कॉम्प्युटर घेऊन. त्याची करामत कळायची तर ऑटोमॅटिकच्या पोटात डोकवावं लागेल. आत प्लॅनेटरी गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे दाते फारसे झिजत नाहीत. गिअर बदलतो तो क्लचच्या चकत्यांमुळे. एक चकती पोलादाची, तिच्याशेजारी घर्षणाचं अस्तर लावलेली दुसरी, अशी त्यांची चळत असते. तेलाचा दाब पिस्टन ढकलतो, चळत घट्ट आवळली जाते आणि गिअर लागतो. दाब क्षणभर उशिरा किंवा थोडा कमी आला की चकत्या घसरतात, तापतात आणि अस्तर जळतं. त्याचा भुगा तेलात उतरून बारीक वाटा तुंबवतो, दाब आणखी पडतो, पुढची चळत जळते. एकदा हे चक्र सुरू झालं की गिअरबॉक्स खोलण्यावाचून इलाज नसतो.

क्रायस्लरच्या अभियंत्यांनी पट्टे काढून टाकले आणि पाच क्लच ठेवले. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दांड्यांचा वेग मोजायला सेन्सर बसवले. प्रत्येक क्लच भरायला किती तेल लागतं याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवायचा आणि अस्तर झिजेल तसा दाबाचा क्षण स्वतःच पुढे-मागे करायचा. झिजेचा हिशेब ठेवणारी अशी यंत्रणा आज सर्रास आढळते. क्रायस्लरने ती पस्तीसेक वर्षांपूर्वी रस्त्यावर आणली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

आणली, पण कच्ची आणली. सुरुवातीच्या कित्येक गिअरबॉक्सनी लाखभर किलोमीटरही गाठले नाहीत. चूक दिसली की कॉम्प्युटर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवायचा, घरापर्यंत रांगत जाता यावं म्हणून. हायवेवर मुलाबाळांसकट, सामानाने भरलेली मिनीव्हॅन अशी अडकली की घरच्यांचं काय होत असेल! कधी डिफरन्शियलची पिन सुटून खोक्यालाच भोक पाडायची. शिवाय बिघडलेला असायचा एखादा सेन्सर नाहीतर सोलेनॉइड, आणि मेकॅनिक उतरवून ठेवायचे अख्खा गिअरबॉक्स. त्याच सुमारास कंपनी इंजिन-गिअरबॉक्सवर सात वर्षं किंवा सत्तर हजार मैलांची हमी मिरवत होती. तिला ती चांगलीच भोवली.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र तेलाचा. या गिअरबॉक्सला क्रायस्लरचं ७१७६ क्रमांकाचं खास तेल लागायचं. सुरुवातीच्या तेलकाठीवर मात्र अडीनडीला डेक्सरॉन चालेल अशी मुभा होती. डेक्सरॉन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, मग अडीनडीचं नेहमीचं झालं. दोन्ही तेलं दिसायला लाल, पण चकत्यांमधलं घर्षण वेगळं. कॉम्प्युटरचा सारा हिशेब एका तेलावर बेतलेला आणि आत दुसरंच. गाडी थरथरायची आणि मालक यंत्राला शिव्या घालायचा. पुढे सुधारित तेलं आली, भाग सुधारले, ए-६०४ चं नाव ४१टीई झालं. २००७ मध्ये आलेला सहा गिअरचा ६२टीई हा त्याचाच वंशज. वेळेवर योग्य तेल मिळालेले नंतरचे ४१टीई दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेले आढळतात. आराखडा मूळचाच होता, हे इथे ध्यानात घ्यावं.

हे दुखणं एकट्या क्रायस्लरचं नव्हतं. होंडाच्या ऑटोमॅटिकची रचनाच निराळी. त्यात प्लॅनेटरी गिअर नसून समांतर दांडे असतात. तरी २००४ मध्ये होंडाला अमेरिकेत सुमारे अकरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ओडिसी आणि पायलट त्यांत होत्या. तेल कमी पडून दुसरा गिअर तापत होता. कमी चाललेल्या गाड्यांवर उपाय काय केला? त्या गिअरवर तेलाची धार सोडणारी एक नळी बसवली. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सोळा लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं. उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवण्यात सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होण्याचा धोका होता. उष्ण, दमट आणि थांबत-थांबत म्हटल्यावर मुंबईकराला वेगळं काही सांगायला नको.

गिअरबॉक्सवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. सुमारे ऐंशी अंश सेल्सिअसवर तेल दीड लाख किलोमीटर टिकतं, त्यापुढे दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. आजची तेलं याहून सरस आहेत, पण दिशा तीच. म्हणून 'आयुष्यभराचं तेल' या शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाचं आयुष्य, गाडीचं की हमीचं, ते कंपनी सांगत नाही.

आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून एएमटी घरोघर पोचली. ती मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच फक्त यंत्र दाबतं. तेव्हा तिचं आयुष्य म्हणजे मुख्यतः क्लच प्लेटचं आयुष्य. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. ड्युअल क्लचलाही हेच लागू. ए-६०४ सारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला आणि ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटीला प्रत्येकी आपापलंच तेल लागतं. 'सगळ्यांना चालतं' म्हणणाऱ्या डब्याला हात लावू नका. गाडी पुरती थांबल्याशिवाय रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये जाऊ नका. ट्रॅफिकमध्येच आयुष्य काढणाऱ्या गाडीचं तेल साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदला, आणि पुस्तिकेत त्याआधीची मुदत दिली असेल तर ती पाळा. जुनी ऑटोमॅटिक घेत असाल तर रंग-टायर नंतर बघा. आधी गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल मागा आणि त्यावर तेलाचं नाव वाचा.