खिदिरपूरची ट्राम आणि जळालेला प्लग

दहावीच्या वर्गात रोधाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध, विभवांतर गुणिले विद्युतधारा म्हणजे शक्ती. तरी दरवर्षी चाचणीत एक चूक हमखास सापडते, आणि ती तपासताना मला खिदिरपूरची आमची न्हाणी आठवते.

बाबा लष्करात होते. त्यांची बदली कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये झाली. (आपल्या कोकणातल्या विजयदुर्गाचं नाव आता त्या किल्ल्याला दिलं आहे.) क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही खिदिरपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मी तेव्हा सातवीत होतो. रविवारी बाबा मला ट्रामने एस्प्लनेडला न्यायचे. कोलकात्यातली विजेवरची पहिली ट्राम २७ मार्च १९०२ रोजी याच मार्गावर धावली. मुंबईला ती १९०७ साली मिळाली. २०२० च्या अम्फान वादळानंतर खिदिरपूरची ट्राम बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

मी चालकाच्या मागे उभा राहायचो. तो हातातला दांडा एकदम फिरवत नसे. एक खाच, थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. मी विचारलं, ‘‘बाबा, हे एकदम का नाही फिरवत?’’

‘‘वरच्या तारेत ५५० व्होल्ट आहेत. आता तूच हिशोब कर,’’ बाबा म्हणाले.

तो हिशोब तुम्हीही करा. आकडे सोयीसाठी धरतो. गाडी उभी असताना मोटरच्या वेटोळ्यांचा रोध समजा अर्धा ओहम आहे. सरळ ५५० व्होल्ट जोडले तर ५५० भागिले ०.५, म्हणजे ११०० अँपिअर! मोटर जळेल. धारा १०० अँपिअरवर ठेवायची तर एकूण रोध ५.५ ओहम हवा. म्हणजे उरलेले ५ ओहम बाहेरून जोडायचे, आणि गाडी वेग घेईल तसे ते खाचेखाचेने काढून टाकायचे. चालकाचा दांडा हेच करत होता. पहिल्या क्षणी तारेतून ५५० गुणिले १००, म्हणजे ५५ किलोवॅट शक्ती येते. त्यातले ५० किलोवॅट त्या बाहेरच्या रोधात नुसते तापण्यात जातात. काही सेकंदच, म्हणून चालतं.

पण मग वेग आल्यावर रोध नसताना मोटर का जळत नाही? फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचं विभवांतर निर्माण करते, आणि तारेतल्या ५५० व्होल्टपैकी थोडेच वेटोळ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून धावत्या मोटरचे व्होल्ट आणि अँपिअर मोजून भागाकार केला तर येणारं उत्तर वेटोळ्यांचा रोध नसतो. पंख्याचा ‘रोध’ असा काढून आणणारे कॅडेट माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी असतात.

आता न्हाणी. हिवाळ्यात आई बादलीत रॉड टाकून पाणी तापवायची. रॉड १००० वॅटचा, सॉकेट ५ अँपिअरचं. १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ अँपिअर. मर्यादेच्या आत! रॉडचा रोध २३० भागिले ४.३५, म्हणजे सुमारे ५३ ओहम. कागदावर सगळं ठीक होतं.

एका सकाळी धाकटी बहीण न्हाणीत असताना जळका वास आला. प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता आणि भिंत काळी पडली होती. बाबांनी धावत जाऊन मेन बंद केला. मग त्यांनी फ्यूज काढून बघितला. तार शाबूत होती. हे मला कळेना. एवढं जळलं आणि फ्यूज उडाला नाही?

सॉकेटची पितळी पट्टी सैल झाली होती. सैल जोडाचा रोध समजा १ ओहम. तो रॉडबरोबर एकसर जोडणीत आला, म्हणून एकूण रोध ५४ ओहम झाला आणि धारा ४.२६ अँपिअरवर आली. म्हणजे धारा वाढली नाही, कमीच झाली. फ्यूजला फक्त धारा कळते. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं.

आता जोडात किती शक्ती खर्च होते? इथेच ती चूक होते. बहुतेक जण २३० गुणिले ४.२६ करतात आणि ९८० वॅट लिहितात. अहो, २३० व्होल्ट संपूर्ण मंडलाला आहेत! सूत्रातलं विभवांतर ज्या वस्तूची शक्ती काढायची तिच्याच दोन टोकांमधलं हवं. जोडाच्या टोकांमध्ये ४.२६ गुणिले १, म्हणजे फक्त ४.२६ व्होल्ट. शक्ती ४.२६ गुणिले ४.२६, म्हणजे सुमारे १८ वॅट.

१८ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण आपल्या प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे, आणि ते शिसं वितळवतं. इथे जवळपास तेवढीच उष्णता नखाएवढ्या पितळेत, प्लॅस्टिकच्या आत कोंडलेली होती.

(जाता जाता: ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो, त्या गेऑर्ग ओहमने आपला नियम १८२७ मध्ये पुस्तकात मांडला. तो काही काळ बर्लिनच्या लष्करी शाळेत गणित शिकवत असे.)

बाबांनी त्याच दिवशी सॉकेट बदललं. त्यानंतर आई पाणी तापलं की आधी बटण बंद करायची, प्लग काढायची, आणि त्याला बोट लावून बघायची. कोमट लागला तर बाबा घरी येईपर्यंत अंघोळी गार पाण्याने.