खिडकीवर ‘तुमचं लायसन्स होणार नाही’ म्हणाले, तर?

लायसन्सच्या एपिसोडनंतर तुमच्या ज्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यात एक प्रश्न परत परत ऐकला. कुणाच्या चष्म्याचा नंबर मोठा, कुणाला एका कानाने ऐकू येत नाही, कुणाला लहानपणी फिट यायची. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, ‘ताई, आरटीओ मला बाद करेल का?’

आधी तपासणी म्हणजे नक्की काय, ते बघू. तुम्ही चाळिशीच्या आत असाल आणि साधी स्कूटी किंवा घरची कार चालवणार असाल, तर फॉर्म 1 पुरतो. तो डॉक्टर भरत नाही, तुम्हीच भरता. फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून वाचली तरी चालते. हातापायात काही दोष, रातांधळेपणा, हॉर्न ऐकू येतो की नाही, असे मोजके प्रश्न. टॅक्सी, टेम्पो, ट्रक चालवायचा असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल, तर फॉर्म 1ए लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टरने तपासून सही करायचा असतो. ‘तपासून’ हा शब्द मी मुद्दाम जोरात म्हणतेय. एजंटकडून पेशंट न बघता सही झालेला कागद आणायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण उद्या वाद झालाच, तर असा कागद तुमच्या बाजूने काहीच बोलत नाही.

आता अवघड भाग, फिटचा. फॉर्मवर उत्तर फक्त हो किंवा नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षभर फिट आली नाही तर कार चालवायला परवानगी मिळते. आपल्या फॉर्मवर असा कुठलाच कालावधी नाही. त्यामुळे गोळ्या घेऊन चार वर्षं ठणठणीत असलेला मुलगा आणि गेल्याच महिन्यात फिट आलेला मुलगा, दोघं एकाच चौकटीत. मला हे चूक वाटतं. पण म्हणून ‘नाही’वर खोटी टिक करू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स कलम 19 खाली जाऊ शकतं, आणि गर्दीच्या रस्त्यावर फिट आली तर काय होईल ते मी सांगायला नको. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. शेवटची फिट कधी आली, औषध चालू आहे की बंद झालं, गाडी चालवायला हरकत आहे का, हे लेखी घ्या. तोवर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

रंगांधळेपणाचं मात्र बदललंय, आणि हे बऱ्याच जणांपर्यंत अजून पोहोचलेलं नाही. जून 2020 मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असेल तर लायसन्स मिळू शकतं, तीव्र असेल तर अडचण कायम आहे. माझ्या मामेभावाला त्यानंतरही खिडकीवर सांगितलं गेलं, ‘लाल-हिरवं कळत नाही ना? मग विसरा.’ तो विसरून घरी आला! वास्तविक सिग्नलचा लाल दिवा वर असतो आणि हिरवा खाली, हे त्याला आपल्याइतकंच ठाऊक आहे. नंतर नेत्रतज्ज्ञाकडून दोष किती आहे ते लिहून आणलं, तेव्हा फाइल पुढे सरकली.

म्हणून आजचा मुद्दा नीट ऐका. खिडकीवरची तोंडी ‘नाही’ कायद्याच्या लेखी ‘नाही’ नसते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 17. लायसन्स नाकारायचं, नूतनीकरण नाकारायचं किंवा रद्द करायचं असेल, तर अधिकाऱ्याने कारणांसह लेखी आदेश द्यायचा असतो. आदेश हातात पडला की अपिलासाठी 30 दिवस मिळतात. अपील ऐकणाऱ्याने तुमचं आणि आरटीओचं, दोघांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, आणि त्याचा निर्णय आरटीओवर बंधनकारक असतो.

आदेशच देत नसतील तर? साध्या कागदावर अर्ज लिहा: ‘माझा अर्ज नाकारला असल्यास कलम 17 नुसार कारणांसह लेखी आदेश द्यावा, आणि अपील कोणाकडे करायचं तेही कळवावं.’ वर तुमचा अर्ज क्रमांक टाका. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. भांडू नका, आवाज चढवू नका. शिक्क्याचा कागद घेऊन या, पुष्कळदा तेवढ्यानेच सूर बदलतो.

अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ यावर दोन पानं घालवू नका. आदेशात जे कारण दिलंय, त्यालाच उत्तर द्या. नजरेचं कारण असेल तर नेत्रतज्ज्ञाचा दाखला, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. हाताचं किंवा पायाचं कारण असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाचा. अवयवात दोष असूनही बदल केलेली गाडी चालवता येत असेल, तर त्या गाडीपुरतं लायसन्स देण्याची तरतूद कायद्यातच आहे. केरळच्या जिलुमोल मारिएट थॉमसला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. ती पायांनी गाडी चालवते. वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर डिसेंबर 2023 मध्ये तिला लायसन्स मिळालं. तिच्यासाठी कारमध्ये खास बदल करून घेतले होते.

अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट करता येतं, पण तिथे वकील, वेळ आणि पैसे लागतात. त्यामुळे पहिल्या अपिलाचे कागद जीव ओतून तयार करा.

ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांनाही एक सांगते. कलम 16 खाली, तुम्ही आजारामुळे गाडी चालवायला अयोग्य आहात असं मानायला सबळ कारण असेल, तर अधिकारी नव्याने वैद्यकीय दाखला मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. तिथेही लेखी आदेश आणि तेच 30 दिवस. आदेश मिळाल्याची तारीख त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.