सर्व्हर जागा होण्याआधीची झडती

कुंभकोणमजवळचं स्वामीमलै हे पंचधातूच्या मूर्तींचं गाव. मेणाचा नमुना घडवायचा, त्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही जुनी रीत इथले स्थपती आजही चालवतात. याच परिसरातल्या शिवपुरममध्ये १९५१ साली जमिनीखाली चोळकालीन नटराज सापडला. पुढे मूर्ती दुरुस्तीला गेली आणि देवळात परत आली ती हुबेहूब नक्कल. पूजा त्या नकलेचीच होत राहिली. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६५च्या पुस्तकात या बनावटीवर बोट ठेवलं. अस्सल नटराज अमेरिकेहून भारतात परतला तो १९८६ मध्ये.

सर्व्हरवरचा सर्वांत घातक हल्ला याच जातीचा असतो. बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंत यंत्र मदरबोर्डवरच्या चिपमधल्या फर्मवेअरच्या ताब्यात असतं. फर्मवेअर बूट लोडर शोधतं आणि बूट लोडर ऑपरेटिंग सिस्टीम उठवतो. हा बूट लोडरच कुणी बदलला, तर वरचा अँटिव्हायरस जागा होईपर्यंत चोर घरात मुरलेला असतो.

बायोस या जुन्या फर्मवेअरकडे यावर उत्तर नव्हतं. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेली ही व्यवस्था डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचते. त्यात ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेला. कोड कुणी लिहिला, याची चौकशी नाही. तक्त्यात मुख्य विभाग चारच बसतात आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरच्या हिशेबाने साधारण २.२ टेराबाइटपुढची जागा त्याला मोजताच येत नाही. आज एकेक डिस्क त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

इंटेलला ही अडचण आधी जाणवली ती सर्व्हरमध्येच. इटॅनियम प्रोसेसरसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ईएफआय ही नवी पद्धत आखली गेली. २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा फोरम स्थापन झाला आणि तिचं यूईएफआय झालं.

यूईएफआयसोबत डिस्कवर जीपीटी तक्ता येतो. सहसा १२८ विभागांची सोय, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. पहिली खराब झाली तर दुसरीवरून दुरुस्ती होते. ज्याने मध्यरात्री बिघडलेला सर्व्हर उभा केला आहे, त्याला या दुसऱ्या प्रतीचं मोल सांगावं लागत नाही.

पण खरी कमाई सिक्युअर बूटची. फर्मवेअरमध्ये विश्वासू प्रमाणपत्रांची एक यादी असते आणि बाद ठरलेल्यांची दुसरी. बूट लोडरवरची डिजिटल सही पहिल्या यादीशी जुळली आणि तो दुसरीत नसला, तरच तो चालतो. मात्र ही दुसरी यादी ताजी ठेवावी लागते. २०२३ मध्ये उजेडात आलेल्या ब्लॅकलोटस या घातक सॉफ्टवेअरने मायक्रोसॉफ्टचीच सही असलेला, पण सदोष असा जुना बूट लोडर वापरून हा पहारा चुकवला. दुरुस्ती येऊन गेली होती, पण जुना लोडर तेव्हा बाद यादीत गेलेला नव्हता. कुलूप बसवून भागत नाही, हरवलेल्या किल्ल्या रद्दही कराव्या लागतात.

ऐरोली, महापे किंवा पनवेलच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या रांगाच्या रांगा असतात. प्रत्येकापुढे पेन ड्राइव्ह घेऊन कोण बसणार? तिथे यंत्रं नेटवर्कवरून उठवतात. जुनी पद्धत टीएफटीपीने लहान लहान तुकड्यांत फाइल आणायची. २०१५ पासून यूईएफआयमध्ये एचटीटीपी बूटची तरतूद आहे. फाइल साध्या वेब सर्व्हरवरून येते आणि एचटीटीपीएस वापरलं तर वाटही सुरक्षित राहते.

यूईएफआयच्या वेगाचा फायदा मात्र फार वाढवून सांगितला जातो. मोठ्या सर्व्हरचा बराच वेळ मेमरी आणि कार्डांच्या तपासणीत जातो, त्यात यूईएफआय चमत्कार करत नाही. एखादं फार जुनं सॉफ्टवेअर अडून बसलं असेल तर तेवढ्यापुरता जुना मोड ठेवणं समजू शकतं. नवा सर्व्हर मात्र पहिल्या दिवसापासून यूईएफआयमध्येच उभा करावा, कारण नंतर बदलायचं तर डिस्कचा तक्ता बदलावा लागतो, आणि बॅकअपशिवाय तो कुणी बदलू नये.

तुमच्या संस्थेचा सर्व्हर कोणत्या मोडमध्ये आहे हे पाहायला मिनिटही लागत नाही. विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ ही ओळ असते. तिथे ‘लेगसी’ दिसलं तर व्यवस्थापकांना आजच कारण विचारा. आणि ‘यूईएफआय’ दिसलं, तरी एक प्रश्न उरतोच: सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, त्यांच्या जागी नवी बसवली आहेत का?