चुलीचे तीन दगड आणि पऱ्हाटीची धसकटं

देवगाव रंगारीहून एका शेतकरी वाचकाने प्रश्न विचारला आहे. कपाशीची वेचणी संपल्यावर त्यांनी पऱ्हाटी कापायला ट्रॅक्टरच्या मागे लावायचा पाच फुटी रोटरी स्लॅशर आणला. पाती नवी आणि ट्रॅक्टरला ताकद भरपूर असूनही शेतात एका पट्ट्यात माती खरवडली जाते आणि शेजारच्या पट्ट्यात गुडघ्याएवढी धसकटं उभी राहतात. विकणाऱ्याने सांगितलं, यंत्र हलकं पडतंय, वरचं मॉडेल घ्या. ‘घ्यावं का?’ असा त्यांचा प्रश्न.

माझं उत्तर ‘अजिबात घेऊ नका’ असं आहे. आधी टॉप लिंक ढिली करून पाहा. हे उत्तर एका ओळीत संपलं असतं. पण या वाकड्यातिकड्या कापणीमागे इतकं सुंदर भूमितीचं गणित आहे, आणि एका मोठ्या शास्त्रज्ञाची इतकी विसरलेली कामगिरी आहे, की थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

धसकटं सारखी कापली जाणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. कपाशी आपण वर्षाचं पीक म्हणून घेत असलो तरी ती जात्याच बहुवर्षायू आहे. उंच राहिलेल्या खुंटाला ओल मिळाली की तो पुन्हा फुटतो, आणि त्या फुटव्यावर गुलाबी बोंडअळीची पुढची पिढी पोसली जाते. २०१७च्या हंगामात या अळीने महाराष्ट्राचं काय केलं ते त्यांच्या कन्नड तालुक्यात कुणाला सांगायला नको. फरदड (वेचणीनंतर तसंच राखलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते यासाठीच. शिवाय तिरकं कापलेलं वाळकं धसकट टायरमध्ये खिळ्यासारखं घुसतं, ते वेगळंच.

कापणी अशी वाकडी का होते ते कळायला आता चुलीकडे वळू. आपल्या आज्या-पणज्यांनी शेतात चूल मांडली ती तीन दगडांची. चार दगड का नाही मांडले? दगड वेडेवाकडे असोत, जमीन उंचसखल असो, तीन दगडांवर भांडं कधी डुगडुगत नाही. तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं, हे भूमितीच्या पुस्तकातलं वाक्य चूल मांडणाऱ्या बाईच्या हाताला पुस्तकाआधी ठाऊक होतं. चौथा दगड ठेवला की तो बाकीच्या तिघांशी भांडायला लागतो. एक तर तो अधांतरी राहतो, नाही तर दुसऱ्या एखाद्याला अधांतरी करतो. घरातली बाज एका पायावर डुगडुगते ती याच कारणाने.

तुमचा ट्रॅक्टरही चुलीसारखाच तीन ठिकाणी टेकलेला असतो. चाकं चार असली तरी पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो. म्हणजे धडाला टेकू तीनच मिळतात: मागची दोन चाकं आणि पुढची ती खिळी. पुढचं एकच चाक दहा सेंटीमीटर उंच दगडावर चढलं तर ट्रॅक्टरचं नाक पाचच सेंटीमीटर उचललं जातं. बांधावर दोन्ही चाकं एकदम चढली तर पूर्ण दहा.

स्लॅशरसुद्धा असाच तीन बिंदूंवर चालायचा असतो. पुढे दोन खालच्या लिंका आणि मागे शेपटीचं चाक. पण वरून टॉप लिंक ताठ आवळली की ती चौथा दगड होते. मग स्लॅशर जमिनीचं ऐकत नाही, तो ट्रॅक्टरचं ऐकायला लागतो. मागचा आस म्हणजे तराजूची दांडी टांगायची जागा धरा. त्याच्यापुढे पुढची चाकं साधारण दोन मीटरवर आणि मागे शेपटीचं चाक अडीच मीटरवर आहे असं समजा. नाक दहा सेंटीमीटर वर गेलं तर स्लॅशरची शेपटी साडेबारा सेंटीमीटर खाली जायला बघते. खाली जमीन असते, मग ती जमिनीवर दाबून बसते. नाक खड्ड्यात गेलं की तीच शेपटी तेवढीच वर उचलली जाते. म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या चाऱ्या, मोडलेले वरंबे आणि दगड या सगळ्यांची उलटी नक्कल तुमच्या धसकटांच्या उंचीत उमटते, तीही सव्वापट होऊन.

मग टॉप लिंक अशी ताठ का ठेवली जाते? कारण ती मुळात नांगरासाठी जन्मली. उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्याघरी १८८४ मध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने पहिल्या महायुद्धाच्या काळात गावोगाव ट्रॅक्टर-नांगरणी पाहिली. तेव्हा नांगर साखळीने किंवा दांडीने मागे ओढला जाई. तो दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उभा राहून चालकावर उलटे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन लिंकांनी नांगर ट्रॅक्टरला जोडला, आणि वरच्या लिंकेवर येणारा दाब हायड्रोलिकला कळेल अशी व्यवस्था केली. नांगर अडला की वरची लिंक दाबली जाते आणि हायड्रोलिक तो किंचित उचलतं. १९२६ मध्ये त्याचं पेटंट झालं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ पासून ही जोडणी असलेले ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बाहेर पडले. आज कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे तीच तीन टोकं दिसतात. मॅसी फर्ग्युसनच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.

पण नांगराला जे हवं असतं ते स्लॅशरला नको असतं. नांगराला जमीन मागे ओढते, म्हणून वरच्या लिंकेला काही ‘कळतं’. स्लॅशर जमिनीत घुसतच नाही, तर कळणार काय? म्हणून स्लॅशर लावल्यावर ड्राफ्टचा, म्हणजे ही ओढ जाणणाऱ्या व्यवस्थेचा, दांडा बाजूला ठेवून पोझिशनच्या दांड्यानेच उंची धरायची. आणि टॉप लिंकेला सैलावा द्यायचा. चांगल्या स्लॅशरवर टॉप लिंक जोडायच्या जागी एक झुलती पट्टी असते. सपाट जागेवर ती उभी लोंबती राहील एवढी लिंक लांब करायची, म्हणजे तिला पुढे-मागे दोन्हीकडे झुलायला जागा मिळते आणि स्लॅशर आपल्या शेपटीच्या चाकावर जमिनीबरोबर वरखाली होतो. ही पट्टी खडखडते म्हणून बोल्ट आवळून पक्की करणारे किंवा सरळ वेल्डिंग मारणारे पुष्कळ आहेत. खडखडणं हेच तिचं काम आहे, ते बंद केलं की तिथे चौथा दगड बसला.

आता ज्या माणसासाठी हा लेख लांबला त्याच्याकडे येतो. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून, म्हणजे मागच्या यंत्राला इंजिनची ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यापासून, स्लॅशरच्या गिअरबॉक्सपर्यंत जो शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. गॅरेजात ‘क्रॉस गेला’ म्हणतात तोच. फिरणाऱ्या दांडीला कोनात वळवून पुढे फिरवायची ही युक्ती नीट समजून घेऊन मांडली रॉबर्ट हुकने, साडेतीनशे वर्षांपूर्वी. शाळेत हुक आपल्याला दोनदा भेटतो: एकदा बुचाच्या कापात पेशी पाहणारा म्हणून, १६६५ मध्ये, आणि एकदा स्प्रिंगच्या नियमात. शेतकऱ्याच्या सर्वांत जवळ असलेला हुक मात्र पुस्तकात येतच नाही. त्याने या सांध्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नाव १६७६ मध्ये दिलं ते सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरच्या लिखाणात. एका बाजूची दांडी एकसारखी फिरवली तरी कोनात असलेली दुसरी दांडी एकसारखी फिरत नाही, एका फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते, हे त्याला कळलं होतं. आणि सपाट तबकडीच्या छायायंत्रावर सावली अशीच कमीजास्त वेगाने सरकते, हेही त्याने ओळखलं. सावलीचं गणित आणि सांध्याचं गणित एकच निघालं! विज्ञानात मला याहून आनंद देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. हुक १७०३ मध्ये गेला. त्याच वर्षी त्याचा प्रतिस्पर्धी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हुकचं खात्रीचं म्हणता येईल असं एकही चित्र आज उरलेलं नाही. जगभरच्या ट्रॅक्टरांमागे मात्र तो रोज फिरतो आहे.

हे गणित शेतात कसं लागतं ते पाहा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. शाफ्टचा कोन ३० अंश झाला तर एका क्रॉसच्या पुढचा वेग ४६८ आणि ६२४ यांच्यामध्ये हेलकावे खातो, सेकंदाला अठरा वेळा. यावरचा उपाय असा की दुसरा क्रॉस पहिल्याने केलेली चूक उलट्या दिशेने करतो आणि दोन्ही मिळून बेरीज शून्य होते. पण त्याला दोन अटी आहेत. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. चौकोनी नळीचा शाफ्ट ग्रीस करायला काढला आणि पाव फेरा चुकवून घातला, तर चुका वजा होण्याऐवजी गुणल्या जातात. त्याच ३० अंशांना वेग ४०५ ते ७२० असा नाचतो. गिअरबॉक्सचे दात आणि क्रॉस त्यानेच जातात. दोष मात्र कंपनीच्या लोखंडाला दिला जातो.

कोन सारखे हवेत, म्हणजे पीटीओचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा साधारण समांतर हवेत. आणि स्लॅशरचा कल बदलतो तो टॉप लिंकने व शेपटीच्या चाकाने. लिंक आखडून शेपटी उंच धरली की कापणीही बिघडते आणि शाफ्टही थरथरतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

तेव्हा सपाट ओट्यावर ट्रॅक्टर उभा करा. मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे ना ते पाहा. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि उचललेल्या स्लॅशरखाली ठोकळे, मगच हात घाला. मोजमाप पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत घ्या, पत्र्यापासून नको, कारण पत्रा वाकलेला असू शकतो. आधी डावं-उजवं सारखं करा, उजव्या लिफ्ट रॉडच्या जॅकने. मग शेपटीच्या चाकाने मागची बाजू पुढच्यापेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच ठेवा. असं केलं की पातं पुढेच एकदा कापतं आणि मागे येताना कापलेल्या पऱ्हाटीत घोळत बसत नाही. तुकडे अधिक बारीक हवे असतील तर मागची बाजू किंचित खाली आणता येते, पण डिझेल जास्त जाईल. खडकाळ रानात आठ-दहा सेंटीमीटरच्या खाली जायचा मोह धरू नका.

डावी-उजवीकडची उंची रानात बिघडते ती मागच्या चाकांमुळे. एक चाक सरीत आणि दुसरं वरंब्यावर चाललं तर स्लॅशर तेवढाच तिरका होणार, त्याला शेपटीचं चाक काही करू शकत नाही. तासाच्या दिशेनेच चाला, आणि मागची दोन्ही चाकं एक तर सरीत किंवा दोन्ही वरंब्यावर राहू द्या.

वेगाचं एक सांगायचं राहिलं. पाती खिळीवर मोकळी लटकलेली असतात, ताठ राहतात ती फिरण्याच्या जोराने. तीन किलोचं पातं, साठ सेंटीमीटर त्रिज्येवर, मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरलं तर त्याला बाहेर ताणणारा जोर जवळजवळ दोन टन वजनाएवढा होतो. दगड लागला तर पातं मागे झुकतं आणि वाचतं. पण डिझेल वाचवायला फेरे साठ टक्क्यांवर आणले तर हा जोर वर्गाच्या हिशेबाने छत्तीस टक्क्यांवर येतो. मग पातं पऱ्हाटीला कापत नाही, झोडपतं. जमीन खडबडीत असेल तर गिअर खालचा टाका, पण इंजिन पीटीओच्या खुणेवरच ठेवा.

आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर काम सुरू करण्याआधी नवं बसवा. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीस सेंटीमीटर धरला तरी तो एका सेकंदात १.८ मीटर कापड गुंडाळतो. उपरणं, साडीचा पदर आणि सैल बाही त्याच्याजवळ नेऊ नका.

वरच्या मॉडेलचे पैसे ठेवून द्या. टॉप लिंक फुकट ढिली होते.